ट्रेलरवरच्या होडीचे बूड रंगवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मोशीच्या सोसायटीत स्कॉर्पिओच्या जागेवर ट्रेलरवर शिडाची होडी उभी असेल, तर आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा. विषय : ‘वाहनाची किरकोळ देखभाल’. खरे लिहिल्यास सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

मुहूर्त गुरुवारचा. त्या दिवशी उद्योगनगरीला सुट्टी असल्याने मनुष्यबळ घरीच सापडते. एंटरप्राइज जातीची साधी होडीही रिकामी नव्वद किलोच्या पुढे जाते. ती पालथी घालायला चौघे लागतात आणि सल्ला द्यायला नऊ जण आपणहून येतात. त्यांत चाकणच्या पेंटशॉपमधला एक असतोच. तो मायक्रॉनवर बोलू लागला की त्याच्या हाती वॉटर पेपर द्यावा.

घासण्याआधी जुने मेण थिनरने पुसून काढावे. नाहीतर ते घासून घासून आत मुरते आणि नवा रंग पापुद्र्याने सुटतो. घासताना पाणी सोडावे, मास्क लावावा. जुन्या रंगात तांबे असेल तर त्याची धूळ विषारी असते. घाण पाणी मात्र गटारात सोडू नये. आळंदीच्या फेसाचे श्रेय घेणारे आधीच पुष्कळ आहेत.

आता दुकानदार महागडा विषारी रंग पुढे करील. शेवाळ आणि कालवे चिकटू नयेत म्हणून खाऱ्या पाण्यात कायम उभ्या असणाऱ्या नौकांना तो लावतात. त्यातला कथिलयुक्त प्रकार तर समुद्री जीवांचेच वाटोळे करी, म्हणून २००८पासून जगभर जहाजांवर बंद आहे. आपली होडी परवानगी मिळालीच तर एखाद्या रविवारी पवना धरणात उतरणार आणि संध्याकाळी पुन्हा ट्रेलरवर चढणार. तिला चिकटायचे तर कालवांना बोरघाट चढून यावे लागेल. शिवाय असे बरेचसे रंग कोरड्यात पडून निकामी होतात. एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयूचे दोन हात, एवढे पुरे.

आषाढात हे करू नये, दमट हवेत एपॉक्सी नीट बसत नाही. वैशाखातल्या भर दुपारीही नको, मिश्रण डब्यातच दगड होते. सकाळी लवकर, थोडे थोडे कालवावे. ट्रेलरच्या गाद्यांवर होडी लगेच टेकवू नये; रंग पक्का होईपर्यंत आठवडाभर पालथीच ठेवावी. मुले तिच्यावर स्टंप आखतील, आखू द्यावेत.

रंग भडक नारंगीच घ्यावा, सोसायटीने क्रीम सुचवला तरी. होडी उलटली की वर बूडच येते, आणि मदतीला येणाऱ्याला लाटांच्या पांढऱ्या फेसात पांढरे बूड लवकर दिसत नाही.