साठ अडीच दीडशे

परदेशातल्या समुद्रकिनारी सुट्टीला निघालेल्या मराठी माणसाच्या अंदाजपत्रकात तीन ओळी असतात. विमान, हॉटेल आणि किरकोळ. पहिल्या दोन ओळींसाठी तो महिनोन्‌महिने रक्त आटवतो. रात्री दोन वाजता उठून तिकिटाचा भाव उतरला का बघतो. समुद्र दिसणारी खोली घ्यावी की समुद्राच्या दिशेचं झाड दिसणारी, यावर घरात मतदान घेतो. तिसऱ्या ओळीपुढे मात्र एक गोल आकडा टाकून मोकळा होतो. तो आकडा कुठून आला हे त्याला विचारू नये, त्यालाही माहीत नसतं.

आता गंमत अशी, की तिथे पोचेपर्यंत विमानाचे आणि हॉटेलचे पैसे केव्हाच गेलेले असतात. त्यांचं सुतकसुद्धा फिटलेलं असतं. मग सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत माणूस जे काही करतो, पाणी पितो, होडीत बसतो, शहाळं फोडून घेतो, कपडे धुवायला टाकतो, ते सगळं किरकोळ. म्हणजे अख्खी सुट्टी तिसऱ्या ओळीत घडते आणि त्या ओळीचा कुणी अभ्यासच केलेला नसतो.

आमच्या घरात तो अभ्यास झाला, पण त्याचं श्रेय मला नाही. आम्ही थायलंडला, क्राबीच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा आमच्याबरोबर आत्या होती.

हिशेबाच्या बाबतीत आमच्याकडे तीन पिढ्यांच्या तीन यंत्रणा होत्या. मुलाने फोनवर तक्ता केला होता, त्यात खर्च भरला की रंगीत वर्तुळाचा एक तुकडा फुगायचा. बायकोकडे छोटी वही होती, तिच्या पहिल्या पानावर सवयीने 'श्री' काढलेला. आणि आत्याकडे अडीचकी होती.

आत्या रत्नागिरीकडची. आपल्याकडे नवा पैसा आला 1957 साली. त्याच्या आधी जी मुलं शाळेत बसली त्यांना रुपये-आणे-पैच्या पायी अपूर्णांकांचे पाढे घोकावे लागले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आत्याने हे सगळं पाठ केलं आणि लगेच सरकारने दशमान पद्धत आणली. हा अन्याय तिने सरकारला कधीही माफ केला नाही. इतकी वर्षं त्या पाढ्यांचा उपयोग फक्त भाजीवाल्याला धाक घालण्यापुरता होत होता. आणि उतारवयात, परक्या मुलखात, तिला कळलं की एका बाटाला साधारण अडीच रुपये पडतात.

तिचा चेहरा असा उजळला, की विमानतळाबाहेर आल्याआल्याच मला पुढचं दिसलं.

पहिल्या सकाळी आओ नांगच्या किनाऱ्यावर मी शहाळं घेतलं. साठ बाट. विक्रेतीने बर्फातून काढून, वरचं टोपण छाटून, नळी घालून हातात दिलं. मी नळी ओठांना लावणार तोच मागून आवाज आला, "साठ अडीच दीडशे."

शहाळ्यातलं पाणी गोड असतं. दीडशे रुपयांच्या शहाळ्यातलं पाणी गोड आहे की नाही हे कळायला मनःस्थिती लागते.

"अरे, घरामागे चौदा माड आहेत आपले," आत्या म्हणाली.

"आत्या, ते तिथे आहेत."

"म्हणूनच सांगत्ये. तिथे पाडायला माणूस मिळत नाही आणि हिथे तू दीडशे देतोस."

यात तर्क नेमका कुठे होता हे मला अजून सापडलेलं नाही, पण पुढच्या प्रत्येक शहाळ्याच्या वेळी मला ते चौदा माड दिसत राहिले. परदेशात गुणाकार करू नये असं अनुभवी प्रवासी सांगतात. जिथे आहात तिथल्याच पैशात विचार करा म्हणतात. त्या प्रवाशांना आत्या नसावी. आणि खरं सांगायचं तर आत्या नसली तरी मराठी माणूस गुणतोच, मनातल्या मनात गुणतो आणि मग चेहऱ्यावर काही न दाखवता "छान आहे, पण नको" म्हणतो.

गुणाकाराने नेहमी दुःखच होतं असंही नाही. सेव्हन-इलेव्हन हे दुकान थायलंडमध्ये पावलापावलावर आहे. तिथे पिण्याच्या पाण्याची लहान बाटली सात-आठ बाटांना मिळते. "आठ अडीच वीस," आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच." आणि तिने त्या दुकानाला तिथल्या तिथे घरात घेतलं. हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजवर तिने पहिल्याच रात्री टॉवेल पसरला, कुणाचा चुकून हात जाऊ नये म्हणून. थायलंडमधल्या मोठ्या दुकानांनी 2020च्या जानेवारीपासून प्लास्टिकच्या पिशव्या फुकट देणं बंद केलं आहे. काउंटरपाशी भलेभले युरोपीय पर्यटक छातीशी बाटल्या कवटाळून उभे असायचे. आत्या पर्समधून एका ज्वेलर्सच्या नावाची कापडी पिशवी झटकून काढायची. त्या रांगेतली ती सर्वांत पुढारलेली व्यक्ती होती.

रोख पैशांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दरवेळी वरचे पैसे कापून घेते, आम्ही गेलो तेव्हा दोनशे वीस बाट. पाचशे काढा नाहीतर दहा हजार काढा, कपात तेवढीच. "दोनशे वीस अडीच साडेपाचशे. आपलेच पैसे काढायला?" आत्याने इतक्या जोरात विचारलं, की मागे उभा असलेला जर्मन माणूस दोन पावलं सरकला. म्हणून काढायचे तर एकदाच, बेताने जास्त काढावेत. आणि ते यंत्र मधेच फार प्रेमाने विचारतं, तुमच्या सोयीसाठी आम्हीच रुपयांत रूपांतर करून देऊ का? या प्रेमाला नाही म्हणायचं. हे रूपांतर यंत्राच्या भावाने होतं, आणि यंत्राचा भाव म्हणजे यंत्राच्या सोयीचा.

क्राबीला जाऊन रायलेला गेला नाही असा माणूस नसतो. रायले बेट नाही, पण चुनखडीच्या उभ्या कड्यांनी जमिनीकडून रस्ताच बंद केल्यामुळे तिथे होडीनेच जावं लागतं. लांब शेपटीची लाकडी होडी, मागे मोटारीचं इंजिन जोडलेलं, पुढे नाळेला रंगीत फडकी बांधलेली. माणशी शंभर बाट, आणि आठ माणसं जमली की होडी सुटते. दर फळ्यावर लिहिलेला. बायकोने तरीही घासाघीस करून पाहिली. तिकीट देणाऱ्या बाईने अत्यंत गोड हसून फळ्याकडे बोट दाखवलं. बायकोने दुसऱ्यांदा विचारलं, तिने दुसऱ्यांदा तितकंच गोड हसून त्याच फळ्याकडे बोट दाखवलं. इतक्या हसतमुखाने नकार ऐकायची आपल्याला सवय नाही. आपल्याला वाटतं, हसतेय म्हणजे नव्वद घेईल.

आम्ही धरून सहा माणसं झाली होती, अजून दोन हवी होती. आत्याने वाळूत उभं राहून पर्यटक गोळा करायला सुरुवात केली. "कम, कम, टू ओन्ली." होडीवाला थक्क होऊन बघत होता. पाच मिनिटांत होडी भरली.

खरी मेख संध्याकाळी होती. रायलेच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त फार सुंदर दिसतो, आणि अंधार पडायला लागला की परतीचा दर शंभराचा दीडशे होतो. म्हणजे सूर्यास्ताची किंमत माणशी पन्नास बाट. आम्ही चौघं, दोनशे बाट. "दोनशे अडीच पाचशे," आत्या म्हणाली आणि आकाशाकडे अशा नजरेने पाहू लागली, की सूर्यालाही वाटावं आपण उरकतं घ्यावं. "गणपतीपुळ्याला हाच सूर्य असतो ना रे?" मुलाने तेवढ्यात वर्तुळाचा तुकडा किती फुगेल ते दाखवलं. शेवटी सूर्य क्षितिजापासून वीतभर वर असताना आम्ही शंभरच्या होडीत बसलो. उरलेला सूर्यास्त आम्ही पाण्यातून पाहिला. जास्तच चांगला दिसला, पण हे होडीवाल्यांना कुणी सांगू नये.

माशांच्या बाबतीत आत्याने आमचं जे कल्याण केलं त्याला तोड नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांबाहेर बर्फावर मासे मांडलेले असतात आणि त्यांत भावाची पाटी खोचलेली असते. एका तांबड्या माशाशेजारी नव्वदचा आकडा होता. मुलगा खूष झाला, एवढ्या माशाला सव्वादोनशे रुपये म्हणजे फुकटच. आत्याने मात्र चष्मा नाकावर खाली घेऊन पाटीचा तळ वाचला. तिथे बारीक अक्षरांत शंभर ग्रॅम असं लिहिलं होतं. जन्मभर वाट्यावर मासे घेतलेली बाई, मासा न उचलता वजन सांगते. "आठशे ग्रॅम तरी आहे. सातशे वीस बाट. बहात्तर अडीच एकशेऐंशी, म्हणजे अठराशे." मग तिने त्याचा कल्ला उचलून पाहिला, ताजा होता, आणि ती म्हणाली, "घ्या." आम्ही चाट पडलो. "मासा बरा आहे. आकडा फसवा होता, मासा नाही." बिलात शेवटी दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर सात टक्के कर चढला. मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली की ही चढण आहे असं समजावं. शंभराचे एकशे सतरा-अठरा होतात.

फी फी बेटांच्या सहलीचे पैसे आम्ही आधीच भरले होते. सहलीत जेवण, पाणी, पोहण्याचे चष्मे सगळं धरलं होतं. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क तेवढं धरलं नव्हतं. ते परदेशी प्रौढांना चारशे बाट, रोख. थाई माणसाला चाळीस. चारशे अडीच हजार, आणि चौघांचे चार हजार! त्यात माया बे या जगप्रसिद्ध किनाऱ्यावर पोहायला बंदी. 2000 साली आलेल्या एका हॉलिवूडच्या चित्रपटाने तिथे इतकी माणसं लोटली, की प्रवाळाची वाट लागली. 2018 साली तो किनारा बंदच करावा लागला, तो 2022च्या जानेवारीत उघडला. आता नुसते पाय बुडवायचे.

"हजार रुपयांत पाय?" आत्या म्हणाली.

ती उतरली, साडी चार बोटं वर धरून पाण्यात उभी राहिली. तिन्ही बाजूंनी कडे आणि मधे काचेसारखं हिरवं पाणी. बराच वेळ अडीचकी ऐकू आली नाही. मग म्हणाली, "हजाराचं आहे हो."

पण चाळीस-चारशेचा सल तिच्या मनातून जाईना. मी तिला शांत करायला सांगितलं, की आपणही हेच करतो. अजिंठ्याच्या लेण्यांना आपल्याला चाळीस रुपये आणि परदेशी माणसाला सहाशे. तिचं समाधान होतंय असं वाटलं तेवढ्यात मी एक वाक्य जास्त बोललो. थायलंड बिमस्टेक या देशगटात आहे, त्यामुळे थाई पर्यटकाला अजिंठ्याला आपल्याइतकेच, म्हणजे चाळीसच रुपये पडतात.

"मग आपल्याला हिथे चारशे का?"

बिमस्टेकची स्थापना 1997 साली झाली, तीही बँकॉकमध्येच. या प्रश्नाचं उत्तर त्या सगळ्या काळात कुणी दिलेलं नाही, आणि ते परतीच्या होडीत माझ्याकडे मागितलं जात होतं.

कपडे धुण्याचा विषय मी टाळणार होतो, पण तिथेच आत्याची बुद्धी खरी चमकली. हॉटेलात धुलाई नगावर, बाहेर गल्लीत किलोवर. किलोला पन्नास बाट. आत्याने पलंगावर दोन ढीग केले. जीन्स, टॉवेल, माझा जाड सदरा हे वजनदार, ते न्हाणीघरात हाताने. तिच्या सुती साड्या, ओढण्या, मोजे हे हलके, ते किलोवर. हाताने धुवायचे ते तिने माझ्याकडे दिले.

आता हिशेबाचं. आत्याची अडीचकी सोपी होती, पण बाटाचा भाव रोज हलतो आणि हल्ली तो अडीचच्या वरच असतो. मुलाने हे सांगितल्यावर आत्या "वरचे पैसे सोड" म्हणाली. बाटामागे पंचवीस पैसे सोडले तर दहा हजार बाटांवर अडीच हजार रुपये होतात. ते आम्ही सोडले नाहीत, ते आपोआप सुटले. म्हणून माझं मत असं झालं आहे, की किरकोळचा अंदाज घरी बसून औटकीने करावा, म्हणजे बाट साडेतीन रुपयांचा धरावा, आणि खर्च तिथल्या भावाने करावा. औटकी येत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावं. त्यांच्या विमानाचं तिकीट पहिल्या ओळीत जातं, पण तिसरी ओळ सांभाळली जाते.

आणि नाणी साठवू नका. परतताना पैसे बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. विमानतळाकडे निघण्याआधीच्या शेवटच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये ती सरळ पाण्यात घालावीत. सात-आठ बाटांना बाटली मिळते. आणि ती सुरक्षा तपासणीच्या आधी पिऊन टाकावी.