क्वीन्समध्ये राहून विश्वनागरिक कसे व्हावे (नवशिक्यांसाठी)

अभिनंदन! न्यूयॉर्कात नोकरी लागली, व्हिसा झाला, आईने दोन बॅगांत गोडा मसाला, मेतकूट आणि प्रेशर कुकर कोंबून दिला. आता विश्वनागरिक होणे तेवढे राहिले. घाबरू नका. इतरत्र या पदाला पोहोचायचे तर भाषा शिकाव्या लागतात, वणवण करावी लागते, क्वचित मतेही बदलावी लागतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात यातले काहीच लागत नाही. इथल्या तेवीस-चोवीस लाखांच्या वस्तीत जवळजवळ निम्मी माणसे परदेशात जन्मलेली आहेत. त्यांच्या गर्दीत जाऊन उभे राहिले की काम झाले. खालच्या सूचना क्रमाने पाळा. मधली एखादी गाळली तरी बिघडत नाही, सगळेच गाळतात.

१. आधी डोक्यावर छप्पर मिळवा.

इथला घरमालक तुमची जात विचारत नाही, मटण शिजवता का विचारत नाही, लग्न झाले आहे का विचारत नाही. पुण्यात भाड्याचे घर शोधलेल्या माणसाला या टप्प्यावर गहिवरून येते. गहिवर आवरा. मालकाला तुमचा पगार बघायचा आहे. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या ४० पट हवा, असा इथला सर्रास हिशेब. तेवढा नसेल तर जामीनदार आणा. त्याचा ८० पट हवा. शिवाय क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज काढून फेडल्याची नोंद, दाखवा. 'आयुष्यात कोणाचे एक पैशाचे देणे ठेवले नाही' असे छाती काढून सांगू नका. इथे ते ऐकून समोरचा माणूस दोन पावले मागे सरकतो.

नाहीच जमले तर तळघर आहे. क्वीन्समध्ये घरांखालची तळघरे भाड्याने दिली जातात. बरीचशी बेकायदा, म्हणून स्वस्त, म्हणून भरलेली. तुमचे जेवण दारात आणून देणारा, हॉटेलात भांडी विसळणारा, रात्रपाळीला टॅक्सी चालवणारा, अशी माणसे तिथे राहतात. २०२१च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस कोसळला, तेव्हा शहरातल्या तळघरांत ११ माणसे बुडून मेली, बहुतेक क्वीन्समधली. विविधतेवर बोलायची वेळ येईल तेव्हा हा आकडा घेऊ नका. श्रोत्यांचा विरस होतो.

२. सात नंबरच्या गाडीत बसा.

विश्वनागरिकत्वाची प्रात्यक्षिक परीक्षा याच गाडीत होते. मॅनहॅटनहून निघालेली ही सबवे नदीखालून येते आणि क्वीन्समध्ये वर चढून पुलावरून धावते. पुढे रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून जाताना असा खडखडाट करते की खालची माणसे वाक्य अर्धे तोडून थांबतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे चालू करतात. वुडसाइडला आयरिश पब आणि फिलिपिनो बेकऱ्या. ७४व्या रस्त्याला आपण, बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी. ८२व्याला कोलंबिया. कोरोना भागात मेक्सिको आणि इक्वाडोर. (या कोरोनाचा त्या कोरोनाशी संबंध नाही, हे गावाकडच्या मंडळींना दर वेळी नव्याने सांगावे लागते.) शेवटच्या फ्लशिंगला चीन आणि कोरिया. १९९९ साली व्हाइट हाउसने या मार्गाला 'नॅशनल मिलेनियम ट्रेल' असा किताबही दिला. गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळेल अशी सोय मात्र त्या किताबात नव्हती.

आता कृती. एन्डेंजर्ड लँग्वेज अलायन्स या संस्थेने न्यूयॉर्क महानगरात ७००हून अधिक भाषांची नोंद केली आहे. नेपाळच्या मुस्तांगमधल्या पाच गावांची सेके ही त्यातलीच. तिचे बरेच बोलणारे आता याच शहरात भाड्याच्या घरांत राहतात. तेव्हा हेडफोन चांगल्या प्रतीचे घ्या. ७००पैकी एकही भाषा कानात शिरता कामा नये. कोणाच्या नजरेला नजर देऊ नका. मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईंचे डोके पेंगता पेंगता तुमच्या खांद्यावर टेकले तरी हलू नका. दोन पाळ्या करून आल्या असतील. त्यांच्या स्टेशनावर त्या आपोआप जाग्या होतात. ते कसे, हे कोणालाच उलगडलेले नाही.

३. खा.

इथे जरा वेळ द्या, कारण शहराची तुमची सगळी समज पोटातून जाणार आहे. नियम सोपा: एका देशाला एक पदार्थ. कोलंबिया म्हणजे अरेपा, तिबेट म्हणजे मोमो, मेक्सिको म्हणजे टाको. तो खाल्ला, फोटो काढला, की देश झाला. मोमोवाली बाई कुठून आली, मध्ये किती वर्षे कुठे अडकली, मुले कोणाकडे ठेवली, हे विचारत बसलात तर मोमो गार होतात.

सरावासाठी जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर जा. किराणा दुकानात भेंडीच्या ढिगापाशी पाच मिनिटे उभे राहा. एक बांगलादेशी खाला प्रत्येक भेंडीचे टोक मोडून बघतात. कट्ट आवाज आला तर पिशवीत, नाहीतर परत ढिगात. शेजारी आपल्याकडच्या एक काकू अगदी तसेच करतात. दोघी एकमेकींनी टाकलेल्या भेंड्या पुन्हा मोडून बघतात आणि दोघींनाही समोरचीला काही कळत नाही याची खात्री असते. उपखंडाचा सगळा इतिहास इथे तुम्हाला फुकट बघायला मिळतो.

या वस्तीचा इतिहास मात्र जपून वापरा. जॅक्सन हाइट्स बांधले गेले ते सुखवस्तू गोऱ्यांसाठी, मधोमध बागा असलेल्या देखण्या इमारतींचे. ज्यूंना आणि काळ्यांना तिथे घर मिळत नसे. पुढे १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटे मोडले, तेव्हा आपले डॉक्टर-इंजिनिअर आले. त्यांच्या मागोमाग ७४व्या रस्त्यावर दुकाने आली. तिथे अमेरिकेत चालणार नाहीत असे २२० व्होल्टचे मिक्सर आणि टीव्ही मिळत. भारतात न्यायला! अमेरिकेत येऊन आपण पहिला बाजार भरवला तो परत जातानाच्या सामानाचा. ही गोष्ट पार्टीत सांगायला उत्तम आहे. घर न मिळणाऱ्यांची गोष्ट त्याच दमात सांगू नका, नाहीतर कोणीतरी विचारेल की तुमच्या इमारतीच्या समितीत मागच्या महिन्यात कोणाचा घरासाठीचा अर्ज फेटाळला.

४. 'आपले' कोण ते ठरवा.

रिचमंड हिलला गेलात तर दुकानांवर देवादिकांची चित्रे आणि माणसांची नावे रामप्रसाद, परसौद अशी दिसतील. ही गयानाची मंडळी. त्यांचे पूर्वज १८३८पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेले. ती होळीला फगवा म्हणतात आणि रस्त्यावर मिरवणूक काढून रंग उधळतात. भारतातून थेट आलेल्या माणसाने त्यांच्याशी बोलताना 'पण तुम्ही तसे खरे इंडियन नाही ना?' हे वाक्य उच्चारू नये. मनात म्हणावे. चेहऱ्यावर ते आपोआप उमटते.

५. कोपऱ्यावरच्या बोडेगावाल्या दुकानदाराशी मैत्री करा.

ही मैत्री फार खोल असते. तो तुम्हाला 'बॉस' म्हणतो, तुम्ही त्याला 'बॉस' म्हणता, गल्ल्याजवळचे मांजर दोघांनाही विचारत नाही. रात्री दोन वाजता अंडी, दूध, बॅटरी आणि डोकेदुखीची एक सुटी गोळी इथेच मिळते. शहरातल्या अशा कितीतरी दुकानांचे मालक येमेनी आहेत. हे बहुसंख्य ग्राहकांना २ फेब्रुवारी २०१७ रोजी दुपारी कळले, कारण येमेनींनाही अमेरिकेत येऊ न देणाऱ्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ सुमारे हजारभर दुकाने बंद झाली आणि मालक ब्रुकलिनला जमले. येमेन नकाशावर कुठे आहे हे कळण्याचा याहून परिणामकारक मार्ग नाही: शटर खाली आले पाहिजे. एरवी बॉसला नाव असण्याची गरज पडत नाही.

६. सर्व धर्मांचे सण पाठ करा.

हो, सर्व. आणि श्रद्धेने करा, कारण प्रश्न पार्किंगचा आहे. न्यूयॉर्कात रस्त्याची एक बाजू ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी झाडतात. त्या वेळी तिथे गाडी दिसली की दंड. म्हणून अर्धा मोहल्ला कॉफीचा पेला घेऊन आपापल्या गाडीत बसून राहतो. झाडणारी गाडी घरघरत आली की सगळे बाजूला होतात आणि ती जाताच पुन्हा त्याच जागी घुसतात. हे काम करणाऱ्यांत प्राध्यापक असतात, वकील असतात, निवृत्त आजोबा तर आवर्जून असतात.

पण सणाला सुट्टी! चांद्र नववर्ष, पुरिम, दोन्ही ईद, अ‍ॅश वेन्सडे, शावुओत, दिवाळी: या दिवशी गाडी हलवावी लागत नाही. (मीटरचे पैसे मात्र भरावे लागतात. सर्वधर्मसमभावालाही मर्यादा असते.) त्यामुळे इथला पक्का नास्तिकही ईद कधी आहे हे चंद्राआधी सांगू शकतो. शावुओत म्हणजे काय हे विचारू नका, तो कोणत्या वारी येतो तेवढे लक्षात ठेवा. दिवाळीची सार्वजनिक शाळांना सुट्टी मिळावी म्हणून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. २०२३ला कायद्यावर सही झाली. गाडीला ती सवलत मुलांच्या कितीतरी आधी मिळाली होती.

७. देवदर्शन आटोपून घ्या.

फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवर १९७७ साली प्रतिष्ठापना झालेला गणपती आहे. २०२२मध्ये रस्त्याला 'गणेश टेंपल स्ट्रीट' असे जोडनावही मिळाले. गणेशचतुर्थीच्या दिवसांत बाप्पाचा रथ चिनी दुकानांसमोरून जातो. वर दर्शन घ्या, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खा. काही भक्त क्रम उलटा करतात, तेही चालते.

ज्या जॉन बाउनचे नाव बाउन स्ट्रीटला आहे, त्याने १६६२मध्ये क्वेकर पंथीयांना आपल्या घरात प्रार्थना करू दिली. म्हणून डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटने त्याला पकडून थेट हॉलंडला पाठवले. गडी तिथे भांडला, जिंकला आणि परत आला. दुसऱ्यांच्या प्रार्थनेसाठी स्वतःचे घर उघडणे ही पद्धत आता पाळायची गरज नाही. रस्त्याला नाव दिलेले आहे.

८. मायदेशी जाऊन भाषण द्या.

हाच तुमचा पदवीदान समारंभ. तीन आठवड्यांच्या सुट्टीत मामांकडे, सोसायटीच्या सत्यनारायणाला, शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, कुठेही द्या. 'आमच्या एका ब्लॉकवर अख्खे जग राहते' या वाक्याने सुरुवात करा. सातशे भाषा सांगा, मोमो सांगा, बाप्पाचा रथ सांगा. न्यूयॉर्कचे महापौर ममदानी हे दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव आहेत हे सांगा. ते आपले की परके, हे समोरच्या काकांचे राजकारण पाहून ऐन वेळी ठरवा. 'तुझे तिथले मित्र कोण?' असे कोणी विचारलेच, तर चार देशांच्या चार पदार्थांची नावे घ्या.

एक व्यावहारिक सूचना राहिली. तुम्ही तिकडे भाषण देत असता तेव्हा इकडे रस्ता झाडायचे वार येतच राहतात आणि दर वेळी नवा दंड बसतो. गाडीची चावी हवाली करावी असा एक तरी शेजारी लागतो. त्याचे नाव विमानतळाकडे निघायच्या आधी विचारून घ्या.