बुधाची अंगठी

ज्योतिषी म्हणाले, "बुध रुसलाय. पाचू घाला. सोनं जमत नसेल तर चांदीत चालेल, पण करंगळीत आणि बुधवारी. आणि खडा खालून उघडा हवा, बोटाला टेकला पाहिजे."

खडा मोजायची रत्ती म्हणजे जेमतेम १२० मिलिग्रॅम. दुकानात तेवढ्याशा पाचूचा भाव ऐकला आणि रुसलेला बुध मला एकदम परवडायला लागला. तशाच मनःस्थितीत मी शेतावर गेलो.

आमच्या पाटस गावात ज्यांची जमीन कालव्याखाली आहे ते ऊस लावतात, भीमा कारखान्याला घालतात आणि चारचौघांत मोठ्याने बोलतात. माझा तुकडा रोटी घाटाच्या बाजूचा, जिरायती. तिथे मी विहीर काढली होती. तळहातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याने जागा दाखवली. निम्मे पैसे आधी, निम्मे पाणी लागल्यावर, असं ठरलं. सुरुंगामागून सुरुंग उडाले, काळा खडक निघत राहिला आणि पाणाड्याचे निम्मे पैसे माझ्याकडेच राहिले. या सबंध व्यवहारात मला झालेला तो एकमेव नफा.

तर त्या विहिरीच्या डबरावर बसलो असताना एका धोंड्याच्या पोकळीत हिरवट, चौकोनी, काचेसारखे चकाकणारे स्फटिक दिसले. ज्या बुधासाठी लोक जयपूरचा माल घेतात, तो माझ्याच बांधावर येऊन बसला होता! घरी आणून परीक्षा घेतली. पाचू काचेवर ओरखडा काढतो, एवढं मला माहीत होतं. माझ्या खड्याने खिडकीच्या काचेला काहीही केलं नाही. उलट खड्यालाच ओरखडा पडला. खडा स्वभावाने सभ्य आहे, असा मी निष्कर्ष काढला.

आता चांदी. किलोचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून आमच्या घरात चांदीचं नाव फक्त पूजेला निघतं. म्हणून मुलाच्या बारशातली वाळी आणि माझ्या आत्याने दिलेला चमचा कपाटातून हळूच काढला. ओळखीच्या एका म्हाताऱ्या सोनारांकडे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, हत्यारं मागायला गेलो. व्हिडिओ पाहून अंगठी करणार, म्हटल्यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मूस, सवागी, सांडशी, कानस आणि छोटी ऐरण देत म्हणाले, "एकच ध्यानात ठेव. आधी आग, मंग खडा. खडा बसला की शेगडीकडं बघायचं न्हाई."

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडून गॅसची टॉर्च आणली. चांदी वितळते ९६२ अंशांना. वाळी अगदी शहाण्यासारखी वितळली, मुशीत आरशासारखी थरथरली. चमचा मात्र हलेना. लाल झाला, काळा झाला, पण चमचाच राहिला. आप्पांना दाखवला. त्यांनी कानशीचा एक हात मारला आणि म्हणाले, "जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल न् जस्त. चांदी फकस्त नावात." म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक लग्नकार्यात मानाच्या पाटावर बसलेल्या आमच्या आत्याबाई! ही बातमी मी कोणाला सांगू शकत नव्हतो, कारण चमचा वितळवायला का घेतला होता, हेही मग सांगावं लागलं असतं.

चांदी ठोकताना ती कडक होत जाते. मधून मधून मंद लाल होईपर्यंत तापवून तिला नरम करावं लागतं. व्हिडिओत हा भाग होता, पण तेवढ्यात चहा आला. मी ठोकत राहिलो, पट्टीला कडेने तडे गेले, पुन्हा मूस. मग माप. दोऱ्याने करंगळी मोजली ती पहाटेच्या गारठ्यात. दुपारी उन्हात बोट असं फुगलं की अंगठी पेरापाशीच अडली. आमच्या गावावरून तुकोबांची पालखी जाते, त्यामुळे पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा लहानपणापासून ऐकलेली: विठ्ठलाच्या कमरेच्या दागिन्याचं माप काही केल्या बसेना, शेवटी डोळे बांधून हाताने चाचपलं तेव्हा त्यांना शंकर भेटला. मीही डोळे मिटून करंगळी चाचपली. करंगळीच भेटली.

खडा घासणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. ग्राइंडरला लावला की त्याचा एकेक सपाट तुकडा आपोआप सुटायचा. याला मी कसब समजत होतो. शेवटी हरभऱ्याएवढा उरला. त्याच्यासाठी चांदीचं घर केलं, कडा दाबून खडा बसवला आणि अंगठी उजेडात धरली. सुरेख! फक्त खाली सांध्यात केसाएवढी फट होती. झाळ धरलीच नव्हती.

आप्पांचा शब्द मला आठवत होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण केसाएवढ्या फटीला केसाएवढी आग, असा मी हिशोब केला. टॉर्च लावली. हिरवा खडा आधी दुधी झाला, मग पांढराफटक, आणि मग तळणीतल्या चिरोट्यासारखे त्याचे पदर सुटले. फुंकर मारली तर उडून गेले.

पुण्यात भूशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने उरलेले तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मामा, हे अपोफिलाइट. बेसॉल्टच्या पोकळ्यांत होतं. २००१ मध्ये राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खणताना असलेच हिरवे स्फटिक निघाले, जगभरच्या संग्राहकांनी उचलले. पण ते तसेच, खडकासकट हवे असतात. घासलेत कशाला? आणि तापवलंत? याच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणीच असतं. ते उडालं की सगळं सुटतं."

ही आतून ऐकत होती. वाळ्यांचं अजून तिला कळलेलं नव्हतं, म्हणून मी विषय दगडावरच राहील अशा बेताने उभा होतो. ती दारात आली.

"म्हणजे त्या विहिरीला पाणी होतं तर," ती म्हणाली. "आणि तेही तुम्ही आटवलंत."

भाचा हसला, शेजारी हसले, आणि गोष्ट चावडीपर्यंत गेली. परवा सकाळी पाणाड्याचा मुलगा दारात उभा. पाणी लागल्याचं कळलं, म्हणाला. राहिलेले निम्मे पैसे द्या.