मेरिट कापा, पण कुणाचं?

बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये सामना अर्धवट सोडून पळालात किंवा साथीदारालाच गोळी घातलीत, की मेरिटचे गुण कापले जातात. नियम रास्त आहे. फक्त आमच्या ठाकुरवाडीतली पोरं तो बोटही न हलवता मोडतात. रेंजच्या दोन काड्या, मग एक, मग गोल फिरणारं चक्र. पोरगं टाकीच्या कठड्यावर चढून मोबाइल आभाळाकडे धरतंय आणि तिकडे पुण्याचा साथीदार हेडफोनमधून त्याच्या आईची चौकशी करतोय.

तेव्हा एक नवा नियम सुचवतो. खेळाडू गायब झाला, तर आधी टॉवरचं मेरिट कापावं. शिवीगाळ करणाऱ्यावर बंदी वगैरे नको; त्याला ऐन आषाढात इथे आणावं आणि एक सामना, एकच, पुरा करायला लावावा. घोंगडी आम्ही देऊ.

सरकारने 2020 मध्ये पबजी बंद केला, 2022 मध्ये त्याचाच भारतीय अवतार असलेला बीजीएमआय रोखला आणि 2023 मध्ये परत सोडला, तोही अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांच्या अटीवर. तीन तास! वाडीत सलग एवढी रेंज मिळाली, तर पोरांचे आईबाप गावजेवण घालतील.