लाईट गेली तर?

माझ्या धंद्यात काही गोष्टी मुद्दाम लिहून न ठेवण्याचे पैसे मिळतात. हे वाक्य बाबांसमोर बोलून गेलो आणि त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. बाबांची सबंध नोकरी लेखा विभागात गेली. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानणाऱ्या पंथाचे ते आजीव सभासद. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पाहुणे कोणत्या गाडीने आले आणि जाताना कोणाची छत्री घेऊन गेले, सगळं डायरीत. या डायऱ्यांनी आमच्या घरातला एक अख्खा दिवाण आतून भरलेला आहे. पाहुण्यांना आम्ही थेट इतिहासावर झोपवतो.

“लिहून न ठेवण्याचे? म्हणजे हिशोब तोंडी?”

“तोंडी नाही, बाबा. मेमरीत. डेटाबेस अख्खाच्या अख्खा मेमरीत चालवायचा. डिस्कला हात लावायचा नाही.”

“आणि लाईट गेली तर?”

हा प्रश्न सुचायला बाबांना कोणतीही पदवी लागली नाही. पंचाईत एवढीच, की ज्यांनी पदव्या घेतल्या आहेत ती मंडळीही कित्येक दशकं याच प्रश्नाशी झटापट करताहेत.

आता आमची बाजू. काँप्युटरमध्ये माहिती ठेवायच्या जागा दोन. एक डिस्क. लाईट असो-नसो, लिहिलेलं तसंच राहतं. दुसरी मेमरी, म्हणजे रॅम. लाईट गेली की पाटी कोरी. मग शहाणा माणूस मेमरीच्या वाटेला कशाला जाईल? तर वेगासाठी. मेमरीतून एखादी गोष्ट उचलायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तीच गोष्ट शोधायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास. दोन्ही आकडे इतके बारीक, की माणसाला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. म्हणून मी बाबांना ते फुगवून सांगितले. समजा मेमरीला एक सेकंद लागला, तर हार्ड डिस्कला लागतील एक लाख सेकंद, म्हणजे एक पूर्ण दिवस आणि वर पावणेचार तास. हल्लीच्या एसएसडीला सोळा-सतरा मिनिटं.

“एका दिवसात सापडतं?” बाबा खरोखर प्रभावित झाले. “आमच्याकडे फाइल सापडायला आठवडा जायचा.”

खरी मेख वाचण्यात नसून लिहिण्यात आहे. एकदा वाचलेलं ऑपरेटिंग सिस्टीम आपणहून मेमरीत धरून ठेवते, त्यामुळे पुन्हा वाचताना डिस्कवरचा डेटाबेसही फार मागे पडत नाही. लिहिताना मात्र सच्चा डेटाबेस अडून बसतो. नोंद तबकडीवर खरोखर उमटली असं डिस्कने कबूल करेपर्यंत तो पुढचं काम हातात घेत नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणारी तबकडी सेकंदाला 120 फेरे मारते. एक व्यवहार पक्का करायला दोन फेऱ्यांची वाट पाहिली, की सेकंदाला जेमतेम 60 व्यवहार होतात. दर नोंदीला असं न थांबता तोच डेटाबेस साध्या काँप्युटरवर सेकंदाला 50,000 नोंदी आरामात गिळतो.

“थांबतो ते बरोबरच आहे,” बाबा म्हणाले. “सही झाल्याशिवाय फाइल पुढे सरकता कामा नये.”

एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल बाबांना आपुलकी वाटल्याचं मी प्रथमच पाहत होतो.

त्या सॉफ्टवेअरचं नाव एसक्यूलाइट. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते या क्षणी आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी ते 2000 साली बाहेर काढलं. त्याआधी ते अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या प्रोग्रॅमवर काम करत होते. जहाजाला तडाखा बसला तर कुठल्या नळाची कुठली झडप बंद करायची, हे सांगणारा तो प्रोग्रॅम. माहिती सगळी एका बड्या डेटाबेस सर्व्हरवर. सर्व्हर झोपला की हा बिचारा ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ अशी पाटी पडद्यावर लावायचा, आणि शिव्या खायचा तो सर्व्हर नव्हे, प्रोग्रॅम, कारण पाटी लावणारा तोच! हिप यांनी विचार केला, मुळात सर्व्हर हवाच कशाला? त्यांनी एक डेटाबेस लिहिला. त्याला सर्व्हर नाही, त्याची देखभाल करायला माणूस नाही. एक फाइल, संपलं. वर मालकी हक्क सोडून तो जगाला फुकट देऊन टाकला.

त्या एका फाइलचीही कटकट नको असेल, तर एक पळवाट आहे. फाइलचं नाव द्यायच्या जागी ‘मेमरी’ असं लिहायचं, पुढे एक कोलन, मागे एक कोलन. झालं. टेबलं तीच, प्रश्न विचारायची भाषा तीच, व्यवहार अर्ध्यावर सोडून मागे फिरायची सोयही तीच, फक्त डिस्कवर कशाचाही मागमूस नाही. मात्र कोलन दोन्ही हवेत. घाईत मागचा राहिला तर एसक्यूलाइट कुरकुर करत नाही. ‘कोलन मेमरी’ याच नावाची खरीखुरी फाइल लिनक्सवर मुकाट्याने बनवून देतं. असली बेवारशी फाइल मी बऱ्याच लोकांच्या प्रोजेक्टमध्ये पाहिली आहे. तिला कोणी हात लावत नाही. नावच असं भारदस्त, की ही पुसली तर काँप्युटरची वाचा जाईल अशी भीती वाटते.

एवढं सांगूनही बाबांच्या चेहऱ्यावर ऑडिटची छटा होती. मग मी त्यांना नाक्यावरच्या हॉटेलात नेलं. तिथला वेटर वही-पेन्सिल बाळगत नाही. कोणाला जादा तर्री, कोणाला पाव कडक भाजून, कोणाचा कांदा वेगळा, कोणाचा चहा बिनसाखरेचा, पाच-सहा टेबलांचा कारभार डोक्यात. तुम्ही हात धुऊन गल्ल्याशी पोचेपर्यंत पाठीमागून ललकारी येते, “चष्मेवाले काका, एकशे साठ! पिवळा शर्ट, पंच्याऐंशी!” आणि तुम्ही पायरी उतरलात की तुमची तर्री, तुमचा शर्ट आणि एकूण तुम्हीच त्याच्या डोक्यातून साफ.

“हा आमचा डेटाबेस,” मी म्हणालो.

एसक्यूलाइटचा मेमरीतला डेटाबेस हुबेहूब असाच वागतो. ज्या कनेक्शनने तो उघडला ते बंद झालं, की डेटाबेस संपला. कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. आणि दोन कनेक्शनांनी उघडला तर ते दोन निरनिराळे डेटाबेस असतात, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. याचं प्रात्यक्षिक लगेच झालं. बाबांनी समोरून जाणाऱ्या दुसऱ्याच वेटरला आमच्या चहाचं विचारलं. त्याने बाबांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, “हे टेबल माझं नाही” म्हणाला आणि निघून गेला. नवशिके प्रोग्रॅमर इथेच रात्री जागवतात. एका कनेक्शनने टेबल बनवायचं, दुसऱ्याने त्याची चौकशी करायची, आणि ‘असं टेबलच नाही’ हे उत्तर पाहून चष्मा पुसायचा. दोघांनी एकच डोकं वापरायची सोय आहे, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागते.

“आणि हा चक्कर येऊन पडला तर?” बाबांनी मूळ मुद्दा सोडला नव्हता.

“तर आत्ता बसलेले सगळे फुकट खाऊन जातील.”

“मग मालकाला हे चालतं कसं?” म्हणत बाबा गल्ल्याकडे वळले. मालक पैसे मोजून घेत होता आणि शेजारच्या लाल कापडी वहीत आकडा टाकत होता. बाबांचा चेहरा उजळला. अर्ध्या तासाची उधारी डोक्यात, दिवसाची कमाई वहीत. मालकाने काँप्युटर सायन्स शिकलेलं नव्हतं. फक्त काय बुडालं तर चालेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वेटरची चपळाई हवी आणि वहीही हवी, अशा लोभी माणसांसाठी रेडिस आहे. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रॅमरने ते 2009 मध्ये आणलं. आपल्या वेबसाइटवर या घडीला कोण फिरतंय, हे लोकांना दाखवण्याचा त्यांचा उद्योग होता, आणि नेहमीच्या डिस्कवाल्या डेटाबेसला त्यात धाप लागत होती. रेडिस सगळा माल मेमरीत ठेवतं, आणि बाबांसारख्यांचं तोंड बंद करायला दोन सोयी देतं. एक, मधूनमधून सगळ्याचा फोटो काढून डिस्कवर ठेवायचा. दोन, आलेला प्रत्येक हुकूम एका वहीत टिपायचा आणि ती वही दर सेकंदाला डिस्कवर पक्की करायची. म्हणजे लाईट गेलीच, तर साधारण एका सेकंदाचं नुकसान.

“त्याच सेकंदात कोणी पैसे भरले असतील तर?”

दर हुकुमाला वही पक्की करण्याचाही पर्याय आहे. पण मग सहीसाठी थांबणं आलं, म्हणजे निघालो होतो तिथेच परत. रेडिसमध्ये ‘फ्लश ऑल’ असाही एक हुकूम आहे. तो दिला की असेल नसेल ते सगळं पुसलं जातं. ‘नक्की ना?’ वगैरे विचारण्याची पद्धत नाही. उत्तर येतं, ‘ओके’. कोणत्याही कार्यालयाने इतक्या तत्परतेने माझं कसलंही काम केलेलं नाही.

मेमरीबद्दल बाबांच्या मनात उरलासुरला आदर मीच घालवला, रॅम आतून कशी चालते ते सांगून. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना तिचं पेटंट 1968 साली मिळालं. एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि चिमूटभर वीज धरणारा एक कपॅसिटर. हा कपॅसिटर गळका. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत मेमरीची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते.

“म्हणजे तिलाच आठवण करून द्यायची?”

“सेकंदाला पंधराएक वेळा.”

“तुझ्या आईनेही मला एवढी केलेली नाही,” बाबा म्हणाले.

लाईट गेली की त्याच क्षणी सगळं जातं, असंही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी 2008 मध्ये दाखवून दिलं, की मेमरीची चिप उणे 50 अंशांच्या आसपास गार केली तर वीज काढल्यावरही तिच्यातली माहिती काही मिनिटं तग धरते. त्यांना सांगायचं होतं ते हे, की चालू लॅपटॉप चोराच्या हाती लागला तर त्यातली गुपितंही लागू शकतात. बाबांनी निराळाच बोध घेतला. “मग फ्रिजमध्ये ठेवा की!” फ्रिजही लाईटवरच चालतो, हे आईने स्वयंपाकघरातून कळवलं.

एवढी सगळी विद्या उपलब्ध असूनही माणसं नको ती वस्तू मेमरीत ठेवतात. एका ऑफिसातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. ग्राहकाला दाखवायला सॉफ्टवेअर तयार होतं, आणि ते पळावं म्हणून कोणीतरी डेटाबेस मेमरीत ठेवला होता. पळालं. बटण दाबायच्या आधीच पान उघडतंय असा भास होत होता. ग्राहकाची माणसं इतकी खूश झाली, की त्यांनी दुपारभर बसून आपली खरी माहिती त्यात भरली. रात्री नेमाप्रमाणे सर्व्हर रीस्टार्ट झाला. सकाळी सॉफ्टवेअर आदल्या दिवसापेक्षाही वेगाने पळत होतं, कारण दाखवायला आत काहीच नव्हतं. मॅनेजरने ग्राहकाला मेल लिहिला, ‘आपल्यासाठी फ्रेश एन्व्हायर्नमेंट उपलब्ध करून दिलं आहे.’

मेमरीतला डेटाबेस शोभतो तो टेस्टिंगमध्ये. प्रत्येक चाचणीला नवाकोरा, रिकामा डेटाबेस द्यायचा, हवा तसा खरकटा करू द्यायचा आणि चाचणी संपली की सोडून द्यायचा. आवरायला कोणी लागत नाही. एखादी अगडबंब यादी घटकाभर उलथीपालथी करून पाहायची असेल, तर तिथेही तो बरा. काही जपण्यासारखं निघालंच, तर एसक्यूलाइटमध्ये सगळं एका हुकुमात फाइलमध्ये उतरवता येतं. तेव्हा आधी एवढंच विचारायचं, की हे गेलं तर पुन्हा उभं करता येईल का? येत असेल तर खुशाल मेमरीत ठेवा. येत नसेल तर गुमान डिस्कच्या रांगेत उभे राहा.

हा नियम बाबांना इतका पटला, की त्यांनी तो तारखेसह डायरीत उतरवून घेतला. ती संधी साधून मी विचारलं, “बाबा, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे असते?”

“आहे सुरक्षित जागी.”

“जागा डायरीत लिहिलीय?”

“वेडा आहेस का? अशा गोष्टी लिहून ठेवायच्या नसतात. डोक्यात ठेवायच्या.”

म्हणजे टोमॅटोचे तीस वर्षांपूर्वीचे भाव पक्क्या शाईत, आणि लॉकरची किल्ली मेमरीत, एकाच कनेक्शनवर, बॅकअपशिवाय. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आईने गॅस बारीक केला आणि आवाजही.

“ह्यांना बोलू नकोस. ती तिथे नाहीये. दिवाळीच्या साफसफाईत मीच हलवली.”

“कुठे ठेवलीस?”

“ते आठवेल रे. आहे घरातच.”