साथीदार द्या

‘आरंभशूर’ हा टोमणा आपल्याकडे कुणालाही मारला जातो. चित्र अर्ध्यावर सोडणाऱ्या पोरीला, पहिल्या अंकानंतर नाटकाची वही मिटवणाऱ्या पोराला. आळशी, धरसोड, चंचल! पण त्यातल्या काहींना एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवणं जड जाणारी मेंदूची अवस्था, असते. अशा माणसाला नवं काम धरताना जो हुरूप येतो, तो नवेपण संपलं की ओसरतो. पुढचा कंटाळवाणा टप्पा ओढायला वेळेचं भान लागतं, आखणी लागते, आणि नेमकं तेच त्याच्या मेंदूला जड जातं. इच्छा शाबूत असते. रागावून काम पुढे सरकत नाही, वही लपवायची सवय तेवढी लागते.

लिओनार्दो दा विंचीने १४८१ साली मागींच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या, पूजेचं चित्र हाती घेतलं आणि ते तसंच टाकून तो मिलानला गेला. त्याला एडीएचडी असावा, असा अंदाज मार्को कटानी आणि पाओलो मात्सारेल्लो यांनी २०१९ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला. पाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान कोण करणार, तो अंदाजच. पण ते अपुरं चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात मानानं टांगलेलं आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-परंड्याच्या पोरांची अपुरी चित्रं रद्दीत जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव नाही. लेखी परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटं जादा द्यावीत, असं केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनी सांगितलं. म्हणजे काहींना वेळ वेगळा लागतो, हे सरकारने मानलं. एकांकिका आणि कथास्पर्धा भरवणाऱ्यांनीही ते मानावं.

कसं, ते तुळजापुरात शिकता येईल. तिथे देवीचा गोंधळ रात्रभर चालतो. नायक आख्यान लावतो, पण एकट्याच्या बळावर नाही. संबळ-तुणतुण्याचे साथीदार हुंकार भरतात, ‘मग पुढं काय झालं?’ विचारतात, आणि आख्यान पुढे सरकतं. तू एकट्यानंच तडीला ने, असं नायकाला कुणी म्हणत नाही. एडीएचडी असलेले कित्येक जण हेच सांगतात: शेजारी कुणी आपापलं काम करत बसलं, तरी हात चालतो.

जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन भरवणाऱ्या धाराशिवला एवढं नक्की जमेल. वाचनालयाची एक खोली, आठवड्याची एक संध्याकाळ, अर्धवट कामं घेऊन येणाऱ्यांसाठी. व्याख्यान नको, हारतुरे नकोत. स्पर्धांच्या आयोजकांनी एका मोठ्या तारखेऐवजी तीन छोट्या द्याव्यात: आधी आराखडा, मग कच्चा खर्डा, मग पक्की प्रत. आणि ज्याला सुरुवात सुचते पण शेवट हाती लागत नाही, त्याला जोडीदारासह नाव नोंदवू द्यावं. निकालपत्रात दोघांची नावं एकाच ओळीत, सारख्याच टायपात छापावीत.