बॅटरीला सक्तीची विश्रांती

हायब्रिड गाडीच्या म्हाताऱ्या बॅटरीचा प्रश्न दोन प्रकारे सोडवता येतो. एक तर ती बदलायची, नाहीतर तिला कामच द्यायचं नाही. दुसरा उपाय फार स्वस्त पडतो आणि तो मोठ्या प्रमाणावर करून दाखवण्याचा मान होंडाच्या सिव्हिक हायब्रिडकडे जातो. 2006 ते 2008 या मॉडेलच्या गाड्यांतल्या बॅटऱ्या अमेरिकेत वेळेआधीच माना टाकू लागल्या होत्या. 158 व्होल्टच्या त्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे 132 सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एखादा दुबळा झाला की बाकीच्या 131 जणांना त्याच्याच चालीनं चालावं लागतं. भरलेल्या दिसणाऱ्या डॅशबोर्डवरच्या पट्ट्या ऐन चढावर धडाधड खाली यायच्या, दिवा लागायचा आणि इंजिन एकटंच धापा टाकत गाडी ओढायचं. 2010 मध्ये कंपनीनं त्यावर नवं सॉफ्टवेअर काढलं. त्यानुसार बॅटरीनं इंजिनाला पूर्वीइतकी मदत करायची नाही. डॉक्टरचा दाखला आणून हलकं काम मागून घेतलेल्या सरकारी कर्मचाऱ्यासारखी ती खुर्चीत बसून राहिली. दिवा विझला, तक्रार मिटली.

हा उपाय शास्त्राला धरूनच आहे, हे आधी कबूल करू. कमी राबवलेली बॅटरी जास्त टिकते, यात खोट काढायला जागा नाही. प्रश्न एवढाच की तिच्या म्हातारपणाचा खर्च गेला कुठे? कॅलिफोर्नियात या बॅटरीवर 10 वर्षं किंवा 1,50,000 मैलांची वॉरंटी होती, म्हणजे बॅटरी बसली तर नवी देणं कंपनीच्या माथी. आता बॅटरी बसत नाही, कारण ती उठतच नाही. नव्या बॅटरीचा तो खर्च कंपनीच्या वहीतून निघाला आणि मालकाच्या टाकीत थेंबाथेंबानं उतरला. पेट्रोल पंपावरच्या पावतीवर ‘बॅटरी दुरुस्तीचा हप्ता’ असं छापलेलं नसतं, म्हणून दुरुस्ती फुकट झाल्यासारखी वाटते.

यावर शहाणी माणसं म्हणतात की झीज कोणाला चुकली आहे, टायर झिजतात तेव्हा कोणी कोर्टात जातं का? जात नाही, कारण टायरची झीज वाकून पाहता येते आणि झिजलेल्या टायरला कंपनी रातोरात ‘यापुढे तू थोडं कमी फिर’ असं सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त तोलाचा आहे. टोयोटाची प्रिअसही आपली बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यातच तिला खेळवते. मग होंडानंच काय पाप केलं? फरक तारखेचा आहे. प्रिअसची बॅटरी पहिल्या दिवसापासून जपून चालते आणि गाडीचं मायलेज तशा चालीनंच मोजलेलं असतं. सिव्हिकची आधी पळवून मोजली, त्या आकड्यावर विकली आणि मग झोपवली. गॅलनला 50 मैल, म्हणजे लिटरला 21 किलोमीटरच्या घरातला, असा आकडा 2006 च्या गाडीवर होता. तो आकडाही मुळात उदार होता. अमेरिकी सरकारनं 2008 पासून मोजण्याची रीत कडक केली, तेव्हा त्याच गाडीच्या वाट्याला 42 आले.

कॅलिफोर्नियातल्या एका मालकिणीनं दावा केला की सॉफ्टवेअर बदलल्यावर आपली गाडी 30 वर आली. तिनं टॉरन्सच्या लघुवाद न्यायालयात धाव घेतली. तिथे कोणत्याच पक्षाला वकील उभा करता येत नाही. ती स्वतः पूर्वाश्रमीची वकील, हा कंपनीच्या नशिबाचा भाग. फेब्रुवारी 2012 मध्ये तिला 9,867 डॉलर मंजूर झाले. मे महिन्यात वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. म्हणजे कायद्यानं कंपनी जिंकली, हे कबूल करायलाच हवं. पण कंपनीचं म्हणणं इतकं निर्विवाद होतं, तर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बाकीच्या मालकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड कशाला मंजूर झाली? तिच्या अटी वाचनीय आहेत. मालकाला रोख 100 ते 200 डॉलर आणि शिवाय त्याच कंपनीची नवी गाडी घेतल्यास सूट देणारं कूपन. ज्या गाडीनं निराशा केली तिचं सांत्वन म्हणून तिचीच बहीण घ्या! आवळा देऊन कोहळा काढतात हे ठाऊक होतं. इथे कूपनचा आवळाही कोहळा घेतल्यावरच मिळणार होता. मालकांच्या वकिलांना मात्र सुमारे 85 लाख डॉलर मिळाले, तेही कूपनमध्ये नव्हे.

ही कॅलिफोर्नियाची भानगड, आपल्याला काय, असं म्हणायची सोय नाही. हीच सिव्हिक हायब्रिड 2008 मध्ये भारतातही आली होती. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही, म्हणून आपण सुटलो. 2022 पासून मात्र ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या हायब्रिड गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. त्यांत आता लिथियम आहे, असं कोणी सांगेल. असेल, पण इनोव्हा हायक्रॉसमध्ये आजही निकेल-मेटल हायड्राइडच आहे, आणि नागपूरचा मे महिना दोघांनाही सारखाच सोसावा लागतो. शिवाय बॅटरी कशाचीही असो, तिला कमी राबवायला एक ओळ बदलली की पुरते. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ एवढ्यावर जॉब कार्डवर सही करू नये. बॅटरीची क्षमता अपडेटआधी किती होती आणि अपडेटनंतर मायलेज किती मिळेल, हे दोन रकाने त्यावर मागावेत. सर्व्हिस अॅडव्हायजर म्हणेल की असं काही नसतं, साहेब. पण बॅटरीला सुट्टी देण्याआधी पेट्रोल किती जास्त लागेल याचा हिशेब कंपनीनं केलाच असणार. तो फक्त खाली सर्व्हिस सेंटरपर्यंत पोचत नाही.